हुजूरचा हुकूम आणि शेवटचे मेज

बडोद्यातील एखाद्या जुन्या मराठी घरातली लाकडी पेटी उघडली, की आजोबा-पणजोबांच्या नेमणुकीचा कागद, पेन्शनीचा हुकूम आणि क्वचित ‘आज्ञापत्रिके’चा एखादा पिवळा पडलेला अंक हाती येतो. ‘आज्ञापत्रिका’ हे बडोदे सरकारचे राजपत्र. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीतील कायदे, नियम आणि नेमणुका त्यातून प्रसिद्ध होत. असा अंक चाळताना मन अभिमानाने भरून यावे, यात नवल नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला अभिमानापाशी थांबता येत नाही. हुकूम छापला गेला, हे खरे. पुढे त्याचे काय झाले, हा प्रश्न त्याला विचारावाच लागतो.

महाराजांच्या दूरदृष्टीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. तरीही चांगले विचार बाळगणारे संस्थानिक त्या काळी हिंदुस्थानात अगदीच दुर्मीळ नव्हते. दुर्मीळ होते ते विचार आठ हजार चौरस मैलांत विखुरलेल्या मुलुखातील शेवटच्या गावापर्यंत नेणारे. आजचे व्यवस्थापनशास्त्र धोरण आणि अंमलबजावणी यांतील अंतराची मोठी चर्चा करते. ते अंतर बडोदे राज्याने कोठे कापले आणि कोठे ते कापता आले नाही, याचा हिशोब मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

सन १८७५ मध्ये मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि त्याच वर्षी २७ मे रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव, महाराणी जमनाबाईंचा दत्तक पुत्र म्हणून, बडोद्याच्या गादीवर आला. सहा वर्षे दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभार सावरला. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांस राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. हाती आलेले राज्य सलग नव्हते. उत्तरेस कडी, मध्यभागी बडोदे, दक्षिणेस नवसारी आणि दूर काठेवाडात अमरेली असे त्याचे चार प्रांत, आणि मध्ये मध्ये ब्रिटिशांचा नाहीतर दुसऱ्या संस्थानिकांचा मुलूख. हुजुरातून निघालेला कागद दिवाणाकडे, तेथून खात्याच्या प्रमुखाकडे, मग प्रांताच्या सुभ्याकडे, महालाच्या वहिवाटदाराकडे आणि अखेरीस गावच्या तलाट्याकडे जाई. प्रत्येक मेजावर तो थोडा थांबे, थोडा बदले. रयतेची भाषा गुजराती, दरबारात मराठीचा वावर आणि वरिष्ठ पत्रव्यवहार इंग्रजीत, अशी त्रिभाषिक कसरत तिच्यात भर घालीत असे.

महाराजांना हे फार लवकर उमगले असावे. त्याला एक व्यावहारिक कारणही होते. १८८७ साली ते प्रथम युरोपास गेले आणि पुढे त्यांचे परदेशप्रवास आयुष्यभर चालू राहिले. राजा महिनोन्‌महिने बाहेर असला, तरी राज्य अडून चालणार नव्हते. म्हणून कोणत्या कामाचा निर्णय कोणी घ्यावा, दिवाणाचे अधिकार कोणते, कौन्सिलचे कोणते, खात्याच्या प्रमुखाने कशाला स्वतः मंजुरी द्यावी आणि काय हुजुरास पाठवावे, हे लिहून ठेवणे भाग पडले. खात्याखात्यांच्या नियमांची कलमबंदी झाली. ती व्यक्तीच्या मर्जीवर चालणारा कारभार नियमाच्या रुळावर आणण्याची खटपट होती. या खटपटीचे शेवटले आणि फार देखणे फळ म्हणजे १९३१ साली प्रसिद्ध झालेला ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू आणि फारसी पर्याय देणारा हा कोश केवळ भाषाप्रेमातून निर्माण झालेला नाही. हुकुमातील एका शब्दाचा अर्थ सर्व मेजांवर एकच असावा, ही प्रशासकाची गरज त्यामागे आहे.

परंतु नियम आणि शब्द यांनी फार तर कागद शेवटपर्यंत पोहोचतो. काम पोहोचविण्याची रीत कशी असते, हे पाहायचे तर अमरेलीस जावे लागते.

सर्व मुलांनी शिकलेच पाहिजे, हा विचार महाराजांच्या मनात पक्का होता. इंग्लंडात १८८० सालीच सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला होता. अशा वेळी एखादा उत्साही राजा संपूर्ण राज्यासाठी एका दिवसात फर्मान काढता, आणि ते आज्ञापत्रिकेच्या पानावरच राहून गेले असते. सयाजीरावांनी तसे केले नाही. १८९३ साली त्यांनी सक्तीचे शिक्षण सुरू केले ते फक्त अमरेली शहर आणि आसपासची नऊ गावे एवढ्यांपुरते. राजधानीपासून दूर, काठेवाडातील एका महालात. सात ते बारा वयाचे मुलगे आणि सात ते दहा वयाच्या मुली यांना शाळेत घालणे आईबापांवर बंधनकारक झाले. न घातल्यास दंड. पुढे टप्प्याटप्प्याने त्या तालुक्यातील सुमारे बावन्न गावांपर्यंत ही सक्ती पसरली. सर्व राज्यास ती लागू झाली १९०६ साली. म्हणजे पहिल्या गावापासून सर्व राज्यापर्यंतच्या वाटेवर तेरा वर्षे गेली.

ही तेरा वर्षे वाया गेली, असे कोणी म्हणू नये. सक्ती या एका शब्दामागे किती कामे दडलेली असतात, ते या काळात कळले. सक्ती करायची तर आधी गावात त्या वयाची मुले किती, याची यादी हवी. यादी करायची तर ती करणारा माणूस हवा आणि ती वर्षाला नवी व्हायला हवी. मुले आली तर बसायला जागा हवी, शिकवायला मास्तर हवा आणि मास्तराला शिकविण्याचे शिक्षण मिळालेले हवे. पेरणी-कापणीच्या दिवसांत कुणबी आपले पोर शेतावरून सोडत नाही. मुलगी घरी धाकट्या भावंडास सांभाळते. यांतील कोणती सबब मान्य करावी आणि कोणती करू नये, हे ठरवावे लागते. दंड कोणी करायचा, वसूल कोणी करायचा आणि गरिबाला तो पेलणार किती, हाही प्रश्न उरतोच. कागदावर दोन ओळींत मावणारा हुकूम गावात उतरला, की त्याला अशी शंभर तोंडे फुटतात. ती तोंडे दहा गावांत मोजता येतात; हजारो गावांत एकदम फुटली, तर राज्यकर्ता गांगरून जातो.

मध्यंतरी १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला. गुजरातेत तो ‘छपनियो’ म्हणून अजून स्मरणात आहे. १८९१ साली चोवीस लाखांवर असलेली राज्याची लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारीत साडेएकोणीस लाखांवर आली. महाराज स्वतः दुष्काळी भागांत हिंडले आणि त्या दौऱ्यातील निरीक्षणे त्यांनी १९०१ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आपल्या हुकुमाचे गावात काय होते, हे पाहण्यासाठी राजाने तेथवर जावे आणि पाहिलेले लिहून काढावे, ही गोष्ट त्या काळी नित्याची नव्हती. एवढ्या आपत्तीनंतर पाच-सहा वर्षांतच शिक्षणाची सक्ती सर्व राज्यभर करण्याचे धैर्य आले, त्यामागे अमरेलीचा अनुभव होता.

या अनुभवाची किंमत राज्याबाहेरही कळली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या हाती बडोद्याचे उदाहरण होते. हिंदी राज्यात, हिंदी रयतेत, हिंदी अधिकाऱ्यांकडून हे घडले आहे, असे ते सांगू शकत होते. १९१२ च्या मार्च महिन्यात ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले, हा भाग वेगळा. पुढे १९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले.

बडोद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हुकूम अमलात आल्यावरही महाराजांनी त्याकडे पाठ फिरविली नाही. बाराव्या वर्षी शाळा सोडलेले मूल गावात परतते आणि तेथे वाचायला काहीच नसल्याने काही वर्षांत अक्षरे विसरते, हे दिसून आले. मग शाळेवर केलेला खर्च गेला कोठे? या प्रश्नातून ग्रंथालयांची योजना उभी राहिली. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर महाराजांनी १९१० साली तेथून विल्यम बॉर्डन यांना बोलावले. तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली आणि ग्रंथपालांचे शिक्षण सुरू केले. राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ महाराजांनी या ग्रंथालयास दिले. पण खेड्यांतले काम परदेशी तज्ज्ञावर सोपविले गेले नाही. मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक १९०६ पासून ‘मित्र मंडळ’ वाचनालये खेडोपाडी चालवीत होते. सरकारने त्यांनाच हाताशी घेतले आणि खेड्यांचा विभाग त्यांच्याकडे दिला. खर्चाचा एक वाटा गावाने, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने उचलावा, अशी व्यवस्था झाली. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या पेट्या जात. बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम पुढे नेले. वरून योजना आली, खालून आधीच चाललेले काम तिला मिळाले आणि गावाने स्वतःचे पैसे घातल्यामुळे ते गावाचे झाले. योजना रुजण्याचे याहून चांगले उदाहरण मला तरी त्या काळात दिसत नाही.

येथवरचा इतिहास सांगताना आपल्या सर्वांना आनंद होतो. परंतु हिशोबाला दुसरी बाजू आहे आणि ती लपविणे महाराजांच्या स्मृतीशी प्रामाणिक होणार नाही.

१९०४ साली बडोद्यात बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. मुलीचे वय बारा आणि मुलाचे सोळा अशी मर्यादा त्याने घातली. हा हुकूम पोहोचला नाही असे नाही. हजारो खटले झाले, दंड वसूल झाले. मात्र लग्ने थांबली नाहीत. लग्नाच्या खर्चात आणखी एक रक्कम, एवढ्यापुरतेच पुष्कळ लोकांनी दंडाकडे पाहिले. अमरेलीत दंडापाठोपाठ शाळा उभी होती, मास्तर होता, शिकलेला मुलगा पुढे चार पैसे मिळवील ही आशा होती. विवाहाच्या कायद्यामागे नुसता दंड होता. जातीचा रोष मात्र दंडाहून कितीतरी जड होता.

अंत्यजांच्या शिक्षणाची कथा याहून बोलकी आहे. अधिकार हाती आल्याबरोबर, १८८२ च्या सुमारास, महाराजांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. पुढे वसतिगृहे काढली. पैसा होता, इच्छा होती, हुकूम होता. नव्हते ते शिक्षक. सवर्ण हिंदू मास्तर त्या शाळांत शिकवायला तयार होईनात. कित्येक वर्षे तेथे मुसलमान शिक्षकांवर काम भागवावे लागले. १९०८ साली आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना पंजाबातून आणले गेले, तेव्हा या कामाला मनापासून झटणारा माणूस मिळाला. म्हणजे सव्वीस वर्षे जो हुकूम चालला, तो राज्याच्या स्वतःच्या मास्तरवर्गाला वळसा घालून.

आणि मग १९१७ साल येते.

भीमराव रामजी आंबेडकर यांना बडोदे सरकारने १९१३ साली अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती. परतल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनमध्ये पुढील अभ्यास अर्धवट ठेवून ते करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. त्यांना स्टेशनावर घेण्यास कोणी जावे अशी महाराजांची आज्ञा होती, असे धनंजय कीर यांनी आंबेडकरांच्या चरित्रात नमूद केले आहे. घ्यायला कोणी गेले नाही. हिंदू खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेला दहा-बारा पारशांचा जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दुसरीकडे कोठेही आसरा मिळाला नाही. शहरातल्या बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची गाडी पकडली आणि मुंबई गाठली. कचेरीत तरी काय होते? मेजावर कागद दुरून टाकले जात, पिण्याच्या पाण्याची पंचाईत असे. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

या प्रसंगाकडे पाहताना एक गोष्ट पुनःपुन्हा मनात येते. शिष्यवृत्ती देणारा हात महाराजांचा होता आणि कागद दुरून टाकणारा हातही त्यांच्याच राज्याचा पगारी हात होता. न्यूयॉर्कपर्यंत मनुष्य पाठविणे राज्याला साधले. स्टेशनापासून कचेरीपर्यंतचा मैल-दोन मैलांचा रस्ता साधला नाही. महाराजांचा दोष काढायचा तर एवढाच काढता येईल, की जे त्यांनी अमरेलीत केले ते येथे केले नाही. तेथे हुकुमाआधी शाळा, मास्तर आणि यादी यांची तजवीज झाली होती. येथे राहायला घर कोण देईल, जेवायला कोठे बसवील, त्याच्याशेजारी कोणते मेज असेल, याची तजवीज कोणी केली नव्हती. आणि ती न केल्याबद्दल कोणास जाब विचारला गेला, असेही दिसत नाही.

आता प्रश्न उरतो तो आपला. कारण ती मेजे परक्यांची नव्हती. गुजराती नागर होते, पारशी होते, बाहेरून आलेले बंगाली आणि मद्रासी अधिकारी होते. पण हुजूर कचेरीपासून महालापर्यंत पसरलेल्या त्या मोठ्या यंत्रात आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे होते. कोणी शिरस्तेदार, कोणी वहिवाटदार, कोणी मास्तर, कोणी साधा कारकून. अमरेलीतली मुलांची यादी त्यांच्यापैकी कोणीतरी केली. फिरत्या पेटीतली पुस्तके कोणीतरी निवडून, नोंदवून भरली. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ ते १९२५ इतकी वर्षे याच नोकरीत होते आणि त्या नोकरीच्या आधाराने मराठ्यांच्या इतिहासाचा डोंगर उपसत होते. हे सारे आपले म्हणून आपण सांगतो. मग १९१७ सालची ती कचेरीही आपली म्हणावी लागेल. त्या दिवशी त्या मेजाशेजारी कोण बसले होते, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत, आणि ती शोधण्यात हशीलही नाही. कदाचित त्यांतला एखादा सज्जनही असेल, ज्याला हे पटत नव्हते पण जो काही बोलला नाही. घरी येऊन त्याने पत्नीला ते सांगितलेही असेल. हुकूम अडतो तो अशाच ठिकाणी. विरोध करणारे थोडे असतात. गप्प राहणारे पुष्कळ.

सयाजीराव महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले. १ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले आणि आज्ञापत्रिकाही इतिहासजमा झाली. राहिले ते दंडाने आणि राजाज्ञेने उभे राहिलेले नव्हे, तर ज्यात मास्तर, ग्रंथपाल आणि गावकरी यांनी आपला वाटा घातला होता, ते. खेड्यांतली कित्येक ग्रंथालये राज्य गेल्यावरही चालू राहिली, याचे कारण मला यातच दिसते.

आपली जुनी मराठी मंडळे, वाचनालये आणि शाळा आज कठीण दिवसांतून जात आहेत. वार्षिक सभेत ठराव होतात, टाळ्या पडतात, इतिवृत्तात नोंद होते. नवी पिढी मराठी वाचीत नाही म्हणून वर्ग सुरू करावेत, जुनी पुस्तके बांधून घ्यावीत, सर्व जातींच्या मराठी घरांना सभासद करून घ्यावे. ठराव चांगलेच असतात. पुढच्या सभेत ते पुन्हा तसेच मांडले जातात, एवढेच. अशा वेळी अमरेली आठवावी. साऱ्या शहरासाठी ठराव करण्याऐवजी एका आळीतल्या दहा घरांपासून आरंभ करावा. त्या दहा घरांत मुले किती, त्यांची यादी करावी. शनिवारी त्यांना कोण शिकविणार आणि तो आला नाही तर कोण, हे नावानिशी लिहावे. आणि त्या दहांत जे घर आजवर आपल्या यादीत कधीच नव्हते, त्याच्या दारापर्यंत आपल्यापैकी कोणीतरी स्वतः जावे. १९१७ साली स्टेशनावर जायचे राहून गेले, ते काम अजून बाकी आहे.